स्निग्धबहुल आहार आणि प्रकार दोनचा मधुमेह

प्रकार दोनच्या मधुमेहात इन्सुलिन तयार होते, पण स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत. एरवी चरबीच्या पेशींतून मेदाम्ले (चरबीचे सुटे घटक) बाहेर पडणे इन्सुलिनच रोखून धरते. हा लगाम सैल पडलेल्या शरीरात तेल-तुपाचा भरणा झाला की रक्तात मेदाम्लांची गर्दी होते, स्नायू तीच जाळतात आणि ग्लुकोज मागे पडते. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी ही चढाओढ १९६३ मध्ये मांडली. पेशींत साठलेल्या चरबीतले काही घटक इन्सुलिनचा संदेशही अडवतात, असे पुढे दिसून आले. यकृतात हेच घडले की ते रात्रभर रक्तात साखर सोडत राहते, म्हणून काही न खाताही सकाळची साखर चढलेली असते.

मात्र सगळी चरबी सारखी नव्हे, आणि सोलापूरकरांसाठी मुद्दा इथेच आहे. स्वीडनमधल्या २०१४ च्या एका प्रयोगात तरुणांच्या एका गटाला पामतेलाचे, तर दुसऱ्याला सूर्यफूल तेलाचे जादा उष्मांकाचे मफिन सात आठवडे खाऊ घातले. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले. पण संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी भरपूर असलेल्या पामतेलाच्या गटात यकृतातली चरबी मुख्यतः असंपृक्त असलेल्या सूर्यफूल तेलाच्या गटापेक्षा बरीच जास्त वाढली. सोलापुरी शेंगा चटणीतले तेल मुख्यतः असंपृक्त असते, जिल्ह्यात पिकणाऱ्या करडईचेही तसेच. त्यामुळे ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर चमचाभर चटणी खाणाऱ्या मधुमेहीला उगाच धाक घालू नये. वाटीभर खाणे मात्र वेगळे: शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास निम्मी चरबी असते आणि चरबीच्या प्रत्येक ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी मिळतात. वनस्पती तुपातली भजी आणि बेकरीची खारी यांना ही सवलत नाही.

तेलकट जेवणाने जठर सावकाश रिकामे होते. म्हणून भजी-पुरीनंतर दोन तासांची साखर बरी दिसली, तरी चढ नंतर येऊन रेंगाळू शकतो. 

भाकरी-भात तोडून स्निग्ध पदार्थ वाढवणाऱ्या आहाराने सुरुवातीचे काही महिने साखर उतरते, वजनही घटते. काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल मात्र वाढते. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असताना असा बदल परस्पर केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत अशा आहाराने साखर फारशी न वाढताही रक्तात कीटोनआम्ले (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचण्याचा धोका असतो. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे.