गर्भनिरोधक इम्प्लांट आणि पाळी

दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवली जाणारी बारीक, लवचीक कांडी. लांबी 4 सेंटीमीटर, जाडी 2 मिलिमीटर. तिच्यातले 68 मिलिग्रॅम एटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक तीन वर्षे थोडे थोडे रक्तात उतरते, बीजविमोचन, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणे, रोखते आणि गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट करते. भारताच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात हे साधन 2023 पासून काही राज्यांत टप्प्याटप्प्याने येऊ लागले. ते अत्यंत भरवशाचे आहे, तरीही मुदतीआधी काढून घेतले जाते ते मुख्यतः अवेळी होणाऱ्या रक्तस्रावामुळे.

एरवी इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर वाढते आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी एकदम घसरली की त्याचा वरचा थर गळतो, ती पाळी. चवथ (गणेश चतुर्थी) किंवा गावची जत्रा जवळ आली की गोव्यात अनेकजणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. त्यातले नोरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक तेवढे दिवस अस्तर धरून ठेवते. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. इम्प्लांटमध्ये संप्रेरकाची पातळी अशी एकदम घसरतच नाही. अस्तर पातळच राहते, पण त्याच्या पृष्ठभागालगतच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंद आणि नाजूक होतात. त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी कमी पडतात, मग त्या कुठे कुठे फुटून रक्त झिरपते. म्हणूनच ही नेहमीची पाळी नव्हे आणि तिची तारीखही सांगता येत नाही.

या इम्प्लांटच्या अकरा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात 90 दिवसांच्या टप्प्यांपैकी सुमारे 22 टक्के टप्प्यांत रक्तस्राव झालाच नाही, 34 टक्क्यांत तो क्वचित झाला, 7 टक्क्यांत वरचेवर आणि 18 टक्क्यांत लांबला. पहिल्या तीन महिन्यांत त्रास कमी असेल तर पुढेही बहुधा तसेच राहते. जास्त असेल तर निम्म्याजणींचा पुढे कमी होतो. पाळीतली पोटदुखी पुष्कळजणींची थांबते.

पाळी न आल्यास ‘वाईट रक्त’ आत साचते, ही भीती घरोघरी ऐकू येते. तिला आधार नाही: अस्तरच वाढत नाही, तर साचणार काय? खरी अडचण वेगळी आहे. जिथे कपड्यावर एक डाग दिसला तरी बाईने देवघरापासून, नैवेद्याच्या स्वयंपाकापासून दूर राहायचे, तिथे वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ असलेले हे डाग तिचा सणच हिरावून घेतात. इम्प्लांट बसवण्याआधी हे तिला तिच्या भाषेत, वेळ देऊन सांगायलाच हवे. ‘थोडे इकडेतिकडे होईल’ एवढ्यावर भागत नाही.

रक्तस्राव लांबला तर आधी गर्भधारणा आणि जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासतात. मग मेफेनॅमिक ॲसिड काही दिवस, किंवा चालत असल्यास इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या देतात. आराम बहुधा औषध चालू असेपर्यंतच टिकतो. कांडी काढल्यावर आठवडाभरात संप्रेरक रक्तात सापडेनासे होते आणि लवकरच पुन्हा दिवस राहू शकतात.