फॉर्मल नाइट (क्रूझवरील पुरुषांचा पोशाख)

फॉर्मल नाइट : समुद्रपर्यटनाच्या बोटीवर ठरावीक संध्याकाळी मुख्य भोजनगृहात आणि सार्वजनिक दालनांत समारंभाच्या पोशाखातच वावरण्याची प्रथा. सात रात्रींच्या सफरीत अशी संध्याकाळ साधारणपणे एकदा किंवा दोनदा येते, आणि ती शक्यतो बोट दिवसभर समुद्रात असेल त्याच दिवशी ठेवतात. बंदरावर भटकून घामाघूम होऊन परतलेल्या माणसाला तासाभरात बो टाय बांधायला लावणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही. प्रत्येक कंपनीचे नाव वेगळे : क्युनार्डची ‘गाला इव्हिनिंग’, कार्निव्हलची ‘क्रूझ एलिगंट’, सेलिब्रिटीची ‘इव्हिनिंग शिक’. स्त्रियांच्या बाबतीत हे नियम सैल असतात. साडीपासून लांब गाऊनपर्यंत सगळे चालते. पेच पडतो तो पुरुषांना, कारण त्यांच्यासाठी वाट अरुंद आहे आणि तिची पाटी इंग्रजी रिवाजात लिहिलेली आहे.

हा रिवाज नखशिखांत विलायती समजला जातो, पण त्याचा बराचसा भाग हिंदुस्थानच्या वाटेवर घडला. आखूड डिनर जॅकेटचे जनकत्व लंडनच्या सॅव्हिल रोवरील हेन्री पूल ही शिंप्यांची पेढी स्वतःकडे घेते. आपल्या १८६५ च्या हिशेबवहीचा दाखला देऊन ती सांगते, की प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड याने घरगुती जेवणांसाठी शेपटांशिवायचा कोट शिवून घेतला. याच राजपुत्राने १८७५ मध्ये ‘सेरापिस’ बोटीने मुंबईचा प्रवास केला. त्या प्रवासात रात्रीच्या जेवणाला लांब शेपटांच्या कोटाऐवजी आखूड जॅकेट, काळी पँट आणि काळा बो घालण्याची मुभा त्याने बरोबरच्या मंडळींना दिली, असे त्याच्या चरित्रांत सांगितले जाते. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी तो मुंबईत उतरला. त्या भेटीची आठवण म्हणून उभारलेला त्याचा अश्वारूढ पुतळा म्हणजेच मूळचा ‘काळा घोडा’. १९६५ मध्ये तो फोर्टमधून हलला आणि आता राणीच्या बागेत आहे. काळा घोडा परिसरात रोज वावरणाऱ्या मुंबईकराला त्या स्वाराचे डिनर जॅकेटशी असलेले नाते सहसा ठाऊक नसते.

अमेरिकेत याच कोटाला टक्सिडो म्हणतात. न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या धनिकांच्या वसाहतीत १८८६ च्या सुमारास तो रूढ झाला, म्हणून हे नाव. ब्रिटिश बोटीवर ‘डिनर जॅकेट’ आणि अमेरिकन बोटीवर ‘टक्सिडो’ असे लिहिलेले दिसले तरी वस्तू एकच.

कमरेचा रुंद रेशमी पट्टा तर उघडच आपला आहे. इंग्रजी ‘कमरबंड’ म्हणजे फारसीतून हिंदुस्थानीत आलेला कमरबंद. इथल्या उकाड्यात वेस्टकोट सोसेना, तेव्हा गोऱ्या अंमलदारांनी कमरेला पट्टा गुंडाळला आणि पायजम्यासारखाच तो शब्दासकट मायदेशी नेला. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर बोटी तांबड्या समुद्रातून येऊ लागल्या. तिथल्या उन्हाळ्यात जॅकेटही नकोसे व्हायचे. त्यावर निघालेला तोडगा ‘रेड सी रिग’ या नावाने आजही ओळखला जातो : पांढरा शर्ट, काळी पँट, कमरबंद, आणि जॅकेट खोलीत. मात्र आजच्या वातानुकूलित भोजनगृहात या सवलतीला आधार उरलेला नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींवर पहिल्या वर्गात रोजच असा थाट असे. ‘टायटॅनिक’वर जेवणाची वर्दी बिगूल वाजवून दिली जाई. फ्रेंच बोटींवर भोजनगृहाकडे उतरणारा भव्य जिनाच असा बांधलेला असे, की उतरणारे जोडपे साऱ्या दालनाला दिसावे. पोशाख हा त्या वेळी वर्गभेदाचा भाग होता, हे विसरून या प्रथेकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. खालच्या वर्गाच्या प्रवाशांकडून कोणी डिनर जॅकेटची अपेक्षा करत नव्हते, आणि त्यांना त्या जिन्यावर येऊही देत नव्हते.

या रिवाजाशी नवख्या हिंदी माणसाची कशी गाठ पडे, हे मोहनदास गांधी यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून निघालेल्या या तरुणाने बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी जपून ठेवला. उतरल्यावर पाहतो तर सप्टेंबरअखेरच्या इंग्लंडात पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच. काट्या-चमच्यांच्या संकोचाने जेवणही बहुतेक केबिनमध्येच झाले होते. पुढे लंडनच्या बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून त्यांनी इव्हिनिंग सूट शिवून घेतला, तोही पैशाचा अपव्ययच होता अशी कबुली त्यांनी दिली आहे.

१९५८ मध्ये जेट विमाने प्रवाशांना घेऊन अटलांटिक ओलांडू लागली आणि बोट हे प्रवासाचे साधन म्हणून मागे पडले. उरले ते पर्यटन. रोजचा थाट तेव्हा आठवड्यातल्या एकदोन रात्रींवर आला आणि त्याला खास नाव द्यावे लागले.

पूर्ण पोशाख असा : काळे किंवा मध्यरात्रीच्या आकाशासारखे गडद निळे जॅकेट, लॅपलवर (कॉलरखालच्या छातीवरील दुमडीवर) साटीन किंवा बारीक रेघांचे रेशीम, त्याच कापडाची पँट आणि तिच्या बाहेरच्या शिवणीवर एकच पट्टी. या पँटला पट्ट्याचे लूप नसतात, म्हणून ती गॅलिसवर, म्हणजे खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांवर पेलते. पांढऱ्या शर्टाला पुढे चुण्या किंवा जाड विणीचे कापड, बाह्यांना कफलिंक. कमरबंद किंवा वेस्टकोट यांपैकी एकच घालायचे. कमरबंदाच्या चुण्या वर उघडणाऱ्या ठेवतात. बो काळा. तो हाताने बांधलेला असावा हा जाणकारांचा आग्रह, पण हूक लावायचा तयार बो पाच फुटांवरून ओळखू येत नाही, आणि डोलत्या बोटीवर आरशासमोर अर्धा तास घालवण्यापेक्षा तो बरा. बूट काळे, चकचकीत, नाडीचे. कमरेचा चामडी पट्टा, तपकिरी बूट आणि पांढरे मोजे या तीन गोष्टींनी सगळा खर्च वाया जातो.

पांढऱ्या जॅकेटवरून बरेच वाद होतात. ते खरे तर पांढरेशुभ्र नसून हस्तिदंती रंगाचे असते, त्याचे लॅपल त्याच कापडाचे असतात, आणि पँट काळीच राहते. कॅरिबियन, हिंदी महासागर किंवा ऐन उन्हाळ्यातला भूमध्य समुद्र ही त्याची हद्द. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क फेरीत ते घालणारा मनुष्य वेटर समजला जाण्याचा धोका पत्करतो.

प्रत्यक्षात काय लागते? जुन्या वळणाच्या क्युनार्डवरसुद्धा गाला इव्हिनिंगला गडद सूट आणि टाय चालतो. इतर बहुतेक कंपन्यांत तेवढ्यावर भागतेच, आणि अनेक ठिकाणी साधे जॅकेटही पुरते. त्यामुळे एका सफरीसाठी डिनर सूट शिवून घेणे अनावश्यक. लग्नसमारंभासाठी घेतलेला काळा किंवा गडद निळा सूट, पांढरा शर्ट आणि काळा बो एवढ्याने नव्वद टक्के काम होते. हे प्रमाण अर्थातच अंदाजाचे, पण कंजूषपणाचे नाही.

मराठी प्रवाशाला यापेक्षा सोपी वाट उपलब्ध आहे. समारंभाचा राष्ट्रीय पोशाख ही क्युनार्डसह अनेक कंपन्यांच्या नियमांत मान्य असलेली बाब आहे, आणि काळा किंवा निळा बंदगळा, म्हणजे दुकानात ज्याला जोधपुरी म्हणतात तो, तिथे डिनर जॅकेटच्या बरोबरीने शोभतो. बो नाही, कमरबंद नाही, वर गळाही झाकलेला. साधी अचकनही चालेल. जरीकाम केलेली लग्नातली शेरवानी मात्र टाळावी, नाहीतर बोटीचा फोटोग्राफर नवरी कुठे आहे म्हणून विचारील. जोधपुरीखाली बूटच घालावेत. कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी चपलांना बंदी घालणारा दरवाजावरचा कर्मचारी तिचा इतिहास ऐकून घेत नाही.

बोटीवरच्या अडचणी वेगळ्याच. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री वापरायला मनाई असते; घरून आणलेली सापडली तर जमा करून घेतात. काही बोटींवर प्रवाशांसाठी धुलाईखोली आणि तिथे इस्त्री असते, नाहीतर पैसे मोजून कपडे प्रेस करून घ्यावे लागतात. फॉर्मल नाइटच्या दुपारी या दोन्ही ठिकाणी रांग लागते, म्हणून सूट पहिल्याच दिवशी टांगून ठेवावा आणि आदल्या दिवशीच इस्त्रीला द्यावा. शब्दांचाही एक सापळा आहे. ब्रिटिश बोटींवर ‘इन्फॉर्मल’ याचा जुना अर्थ जॅकेट आणि टाय असा होता. टी-शर्ट असा समज करून घेणारे फसत.

नियम संध्याकाळी साधारण सहापासून लागू होतात. पाळायचा नसेल तर उपाशी राहावे लागत नाही : बुफे आणि एखाद-दोन बार त्यातून वगळलेले असतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून ही सक्ती मोडीत काढली, सेलिब्रिटीने २०१५ मध्ये फॉर्मल नाइट रद्द करून त्यांच्या जागी सैल नियमांची ‘इव्हिनिंग शिक’ आणली, आणि बाकीच्यांचेही नियम वर्षागणिक सैल होत आहेत. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलियाच्या बोटी गोवा, लक्षद्वीपकडे जातात. दोन-तीन रात्रींच्या अशा सुट्टीतल्या कपड्यांवरून अटलांटिकच्या फेरीचा अंदाज मात्र बांधू नये. आपल्या कंपनीचे त्या वर्षीचे पत्रक वाचणे हाच भरवशाचा मार्ग.

या दालनांत पिढ्यान्पिढ्या बो बांधून वावरलेली आपल्याकडची माणसे म्हणजे गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटींवर नोकरी करणारे. पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर वाढपी आणि स्वयंपाकी म्हणून गोवेकरांची मोठी संख्या असे. मुंबईत धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गावागावांच्या सामायिक वसतिगृहांत राहून ते पुढच्या बोटीची वाट पाहत. फॉर्मल नाइटच्या शिस्तीची त्यांना प्रवाशांपेक्षा अधिक माहिती होती, कारण त्यांच्यासाठी ती रोजचीच रात्र होती.

पहिली आणि शेवटची रात्र सहसा फॉर्मल नसते. पहिल्या रात्री बॅगा केबिनपर्यंत पोचलेल्या नसतात. शेवटच्या रात्री त्या झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि डिनर सूटच्या नादात सगळेच कपडे बॅगेत भरून सकाळी रात्रीच्या पायजम्यात बंदरावर उतरण्याची वेळ आलेला एखादा प्रवासी प्रत्येक बोटीवरच्या गप्पांत असतो.