कॅस्टरवर लिहिलेले किलो खरे कधी ठरतात?

औद्योगिक कॅस्टर, म्हणजे ट्रॉलीखाली बसवायची धारकासह येणारी चाकं, बनवणाऱ्या कंपन्या सतत काही ना काही नवीन जाहीर करत असतात: नवं पीयू (पॉलियुरेथेन) चाक, किंगपिन (मधला बोल्ट) नसलेली मालिका, 'मेंटेनन्स फ्री' बेअरिंग, ढकलायला हलका कॅस्टर. अशा प्रत्येक पत्रकात एक आकडा ठळक छापलेला असतो, तो म्हणजे भारक्षमता. उदाहरणार्थ, व्यास १६० मिमी, भार ५०० किलो. खरेदी करणारा बहुधा तेवढाच पाहतो. मग काही महिन्यांत पीयू हबवरून (चाकाच्या मधल्या भागावरून) सुटतं, स्विव्हल (चाकाला दिशेप्रमाणे वळू देणारा वरचा सांधा) डुगडुगतं, किंवा एका माणसासाठी घेतलेली ट्रॉली हलवायला तिघं लागतात. छापलेला आकडा खोटा नसतो. तो कोणत्या परिस्थितीत मोजला, हे मात्र वाचायचं राहिलेलं असतं.

हाताने ढकलायच्या औद्योगिक कॅस्टरसाठी आयएसओ २२८८३ हे मानक आहे. ते ताशी ४ किमीपर्यंतच्या वेगासाठी, म्हणजे माणसाच्या चालीसाठी आहे. चाचणीत कॅस्टरवर नमूद भार ठेवून तो कडक, सपाट पृष्ठभागावर, खोलीच्या तापमानाला फिरवतात आणि मधे मधे थांबवतात. वाटेत ठरावीक उंचीचे अडथळे असतात. शोर ए (टायरचा कडकपणा मोजण्याचं माप) ९० पेक्षा मऊ चाकासाठी ही उंची व्यासाच्या ५ टक्के, त्याहून कडक चाकासाठी २.५ टक्के. म्हणजे शोर ए ९२ कडकपणाचं १६० मिमी पीयू चाक ४ मिमीच्या अडथळ्यावर तपासलं जातं. ताशी ४ ते १६ किमी वेगासाठी आयएसओ २२८८४ हे वेगळं मानक आहे. तेव्हा ट्रॉली टगरला (ट्रॉल्या ओढणाऱ्या छोट्या गाडीला) जोडून ओढायची असेल, जमिनीत सांधे असतील किंवा आसपास भट्टी असेल, तर पहिल्या पानावरच्या ५०० किलोंचा आधार घेऊ नये. त्या कामासाठी तक्त्यातली वेगाची आणि तापमानाची वेगळी ओळ शोधावी. ती ओळच नसेल तर पुरवठादाराकडे मागावी.

भागाकार तीनने, चारने नाही

ट्रॉलीचं स्वतःचं वजन १५० किलो आणि माल १,२०० किलो धरू. एकूण १,३५० किलो. चारने भागलं तर प्रत्येक चाकावर ३३७.५ किलो येतात आणि ३५० किलोचा कॅस्टर पुरेल असं वाटतं. पण खरी जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, आणि वेल्डिंग केलेली ताठ चौकट जमिनीप्रमाणे वाकत नाही. चार पायांचं टेबल जसं तीन पायांवर उभं राहून चौथा हलका ठेवतं, तसंच इथे होतं. सगळा भार काही क्षण तीन चाकांवर येतो. म्हणून १,३५० ला ३ ने भागायचं. उत्तर ४५० येतं, तेव्हा ५०० किलोचा कॅस्टर घ्यायचा. मालाचा गुरुत्वमध्य एका टोकाकडे असेल तर तिकडच्या जोडीवरचा भार वेगळा काढावा लागतो. शिवाय या भागाकारात धक्का धरलेलाच नाही. फोर्कलिफ्टने माल ट्रॉलीवर आपटून ठेवला जात असेल, तर त्या क्षणाचं बल मालाच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातं आणि आणखी वरचा वर्ग निवडावा लागतो.

'एर्गोनॉमिक' म्हणजे किती किलो?

भारक्षमता आणि ढकलण्याची सोय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. चाक चालू ठेवायला लागणारं बल असं मिळतं: लोळण-घर्षणाचा गुणांक गुणिले भार, भागिले चाकाची त्रिज्या. पोलादी चाक पोलादावर चालत असेल तर हा गुणांक अर्धा मिमीच्या आसपास असतो, चांगल्या पीयूचा साधारण १ मिमी, आणि रबराचा त्याच्या कितीतरी पट. वरच्या १,३५० किलोंसाठी १६० मिमी पीयू चाक घेतलं तर १ × १,३५० ÷ ८०, म्हणजे सुमारे १७ किलोंचं बल. व्यास २०० मिमी केला तर ते १३.५ वर येतं. ट्रॉली जागची हलवताना मात्र याच्या दुपटीहून जास्त लागू शकतं. आडवं उभं राहिलेलं स्विव्हल आधी वळावं लागतं, आणि बराच वेळ उभ्या चाकाचं टायर खाली थोडं चपटं झालेलं असतं.

ब्रिटनमधल्या एचएसई या सुरक्षा यंत्रणेचा ढोबळ ठोकताळा असा: सपाट जमीन आणि नीट राखलेली ट्रॉली असेल तरी किमान भाराच्या २ टक्के बल लागतं. मऊ किंवा खडबडीत जमिनीवर ते १० टक्क्यांपर्यंत जातं. १,३५० किलोंचे २ टक्के म्हणजे २७ किलो. ट्रॉली सुरू करण्यासाठी किंवा थांबवण्यासाठी त्याच यंत्रणेची मार्गदर्शक मर्यादा पुरुषांसाठी सुमारे २० आणि स्त्रियांसाठी १५ किलो आहे. थोडक्यात, ही ट्रॉली एका माणसाची नाही, चाक कितीही भारी घेतलं तरी. त्यात जमिनीला अवघा एक अंश चढ असेल तर आणखी साडेतेवीस किलोंची भर पडते. 'एर्गोनॉमिक' असं लिहिलेला कॅस्टर निवडताना म्हणून एकच विचारावं: इतक्या भाराला, या व्यासाला, सुरू करताना आणि चालू असताना किती न्यूटन लागले? आकडा मिळाला तर तुलना करता येते. नुसत्या विशेषणावरून करता येत नाही.

व्यासाचा खरा फायदा दिसतो तो उंबऱ्यावर. कडक चाक १० मिमीच्या पट्टीला टेकून उभं आहे आणि त्यावर १५० किलो भार आहे असं समजा. १०० मिमी व्यासाच्या चाकाला वर चढवायला भाराच्या ०.७५ पट आडवं बल लागतं, म्हणजे ११२ किलो. २०० मिमी चाकाला ०.४८ पट, म्हणजे ७३ किलो. पुढची दोन्ही चाकं एकदम टेकली तर २२५ विरुद्ध १४५. गती असताना आणि टायर मऊ असताना प्रत्यक्षात कमी लागतं, पण लहान चाकाची ट्रॉली दाराच्या चौकटीत का अडकते आणि वरचा माल पुढे का कलंडतो, हे या आकड्यांवरून कळतं. जागा असेल तर व्यास वाढवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी ट्रॉलीची उंची वाढणार हे मात्र मान्य करावं लागतं.

स्विव्हल: चाकापेक्षा इथेच जास्त बिघडतं

फिरत्या कॅस्टरमध्ये चाकाचा ॲक्सल स्विव्हलच्या उभ्या अक्षापासून मुद्दाम थोडा मागे ठेवलेला असतो. या अंतरामुळेच ढकलल्यावर चाक आपोआप दिशेला वळतं. अंतर जास्त असेल तर वळणं सोपं होतं, पण किंमतही मोजावी लागते. ४५० किलो भार आणि ५० मिमी अंतर असेल तर स्विव्हलच्या डोक्यावर सुमारे २२० न्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट सतत असतो, ट्रॉली उभी असली तरीसुद्धा. दुसरीकडे, वेग वाढला की चाक डावी-उजवीकडे थरथरायला लागतं. या थरथरीला शिमी म्हणतात. स्विव्हलमध्ये खेळ असेल तर ती आणखी लवकर सुरू होते आणि ज्या बॉल रेसमुळे (बॉल फिरतात त्या गोल खाचेमुळे) खेळ आला तिलाच आणखी ठोकते.

नेहमीच्या रचनेत वरची प्लेट आणि खालचा, चाक धरणारा फोर्क यांच्यामध्ये बॉल असतात आणि हे सगळं किंगपिन नावाच्या मधल्या बोल्टने किंवा रिव्हेटने धरलेलं असतं. धक्का बसला की बॉल रेसवर खळगे पडतात, पकड सैल होते, सगळा झटका किंगपिनवर येतो आणि शेवटी तो ताणला जातो किंवा तुटतो. किंगपिनलेस रचनेत हा बोल्टच काढून टाकलेला असतो. त्याऐवजी मोठ्या व्यासाच्या, कडक केलेल्या एकाच बॉल रेसमध्ये बॉल अडकवलेले असतात आणि तीच रेस उभा भार, आडवं बल आणि उचलताना येणारा ताण असं तिन्ही सोसते. ओढल्या जाणाऱ्या गाड्या, धक्क्याचा भार आणि खडबडीत जमीन यांसाठी ही रचना पैसे वसूल करते. हलक्या, हाताने ढकलायच्या ट्रॉलीला तिची गरज नसते. एक गोष्ट आधीच माहीत असावी: किंगपिनवर नट असेल तर सैल झालेलं स्विव्हल आवळता येतं. किंगपिनलेस झिजलं की पूर्ण कॅस्टरच बदलावा लागतो.

तपासणी सोपी आहे. ट्रॉली उचलून खाली भक्कम ठोकळे लावा, चाक धरून मागे-पुढे हलवा आणि स्विव्हल हाताने पूर्ण फिरवा. टक-टक खेळ जाणवला, फिरवताना ठरावीक जागी अडकलं किंवा बॉल रेसच्या कडेला गंजाची लाल पूड दिसली, तर ग्रीसने ते दुरुस्त होणार नाही.

सैल स्विव्हलच्या उलट, वळवायला जड जाणारं चाकही वारंवार दिसतं. रुंद, सपाट टायरचं चाक जागच्या जागी वळवताना त्याच्या दोन्ही कडा जमिनीवर घासतात, त्यामुळे वळवायला जोर लागतो. गोलसर माथ्याचं टायर हे घासणं कमी करतं. जुळी चाकंही त्याचसाठी असतात: वळताना एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरतं, म्हणून मोठा भारही जागच्या जागी वळतो.

टायरचं रसायन

पीयू हे एकच द्रव्य नाही. पॉलिएस्टर प्रकारचं पीयू तेलाला आणि कापांना चांगलं तोंड देतं, पण गरम दमट हवेत पाण्यामुळे त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते भेगाळून भुसभुशीत होतं. पॉलिईथर प्रकार पाण्यात टिकतो आणि त्याची उसळी जास्त असते, म्हणजे दबल्यावर घेतलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा तो परत देतो. ढकलायला हलक्या नव्या चाकांमागे बहुतेक वेळा हेच असतं. धुण्याच्या विभागासाठी पीयू घेताना प्रकार विचारलाच पाहिजे.

परत न मिळालेली ऊर्जा उष्णता होते, आणि वेगात चालणारं चाक मरतं ते या उष्णतेमुळे. तोच भार ताशी ४ ऐवजी १२ किमीने ओढला तर दर सेकंदाला साधारण तिप्पट उष्णता तयार होते. पीयू उष्णतेचं वाहक म्हणून कमकुवत असल्याने ती आतच साठते. सर्वांत गरम भाग आत, हबच्या जवळ असतो, आणि तिथेच पीयूला हबशी धरून ठेवणारा चिकट थर असतो. बाहेरून चाक ठीक दिसतं आणि एक दिवस संपूर्ण टायर हबवर सरकतं. म्हणून वेगाच्या कामासाठी जाड मऊ टायरपेक्षा पातळ, जास्त उसळीचं टायर आणि ॲल्युमिनियम किंवा ओतीव लोखंडाचा हब चांगला, कारण धातू उष्णता काढून नेतो. सामान्य पीयूची वापरमर्यादा ७० ते ८० अंश सेल्सिअस असते, पण भारक्षमता ४० अंशांच्या आसपासच उतरू लागते. भट्टीच्या कामाला फिनॉलिक (उष्णता सोसणारं कडक प्लास्टिक), सिलिकॉन रबर किंवा ओतीव लोखंडाची चाकं लागतात. त्यासोबत उष्णतेला टिकणारं ग्रीसही लागतं, नाहीतर चाक राहतं आणि बेअरिंग जातं.

नायलॉन हलकं लोळतं आणि रसायनांना टिकतं, पण आवाज करतं, टाइल्सच्या कडा फोडतं आणि ओलावा शोषून किंचित फुगतं. रबर शांत चालतं, फरशीला जपतं, पण तेलात फुगतं. काळं रबर डाग सोडतं, म्हणून 'नॉन-मार्किंग' करड्या रंगाचं घेतात. स्थिरविद्युत नको असलेल्या जागी रंगावर विसंबू नये, रोध तपासावा: अँटिस्टॅटिक कॅस्टरचा १ कोटी ओहमपर्यंत, आणि वाहक कॅस्टरचा १०,००० ओहमपर्यंत असतो. चाकावर मेण किंवा धूळ चढली की विजेचा जमिनीत जाण्याचा मार्ग तुटतो.

'मेंटेनन्स फ्री' हे शब्द बहुतेक वेळा चाकातल्या सीलबंद बॉल बेअरिंगपुरते असतात. वरच्या स्विव्हलला ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर त्याला ग्रीस हवंच: साध्या वापरात सहा महिन्यांनी, ओल्या किंवा क्षार असलेल्या जागी दरमहा. उच्च दाबाच्या पाण्याने धुतलं तर धुण्यानंतर लगेच, कारण तो झोत सील ओलांडून आत जातो. ॲक्सलभोवती गुंडाळलेली सुतळी आणि स्ट्रेच फिल्म हाही बेअरिंगचा शत्रू आहे. पॅकिंग विभागासाठी थ्रेड गार्ड असलेला कॅस्टर घ्यावा.

ब्रेकबद्दल एवढंच: नुसतं चाक अडवणारा ब्रेक लावला तरी स्विव्हल फिरतं आणि ट्रॉली जागेवर सरकते. यंत्राच्या टेबलाला चाक आणि स्विव्हल दोन्ही अडवणारा टोटल लॉक लागतो.

बसवताना

नवी मालिका जुन्या जागी बसेल असं गृहीत धरू नये. युरोपीय मापांत दोन प्लेटा सर्वत्र आढळतात: १०० × ८५ मिमी, भोकांचं अंतर ८० × ६०, बोल्ट एम८; आणि १४० × ११० मिमी, अंतर १०५ × ७५ ते ८०, बोल्ट एम१०. अमेरिकी प्लेट ४ × ४½ इंचांची, तिची भोकं निराळी असतात. ऑर्डरपूर्वी प्लेट, भोकांचं अंतर, एकूण उंची, व्यास, टायरची रुंदी आणि ॲक्सल ही सगळी मापं घ्या. एकूण उंची सर्वांत महत्त्वाची. एकाच चाकाची उंची ५ मिमीने वेगळी पडली तर भार दोन कर्णावरच्या चाकांवर जातो आणि वरचा तीनने केलेला हिशेबही कोसळतो. म्हणून किमान जोडीने बदला. स्थिर कॅस्टर एकमेकांना समांतर बसवा, नाहीतर ते सतत तिरके घासत राहतात आणि टायरची एक कड झिजते. हाताने ढकलायच्या ट्रॉलीत फिरते कॅस्टर हँडलच्या बाजूला आणि स्थिर पुढे ठेवा. ८.८ दर्जाचे बोल्ट आणि लॉकनट वापरा, प्लेट चौकटीला पूर्ण टेकली आहे ना ते पाहा, आणि पूर्ण भारासह पहिले काही दिवस ट्रॉली वापरून झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळा. प्लेटखालचा रंग दबतो आणि पहिला ढिलेपणा तिथूनच येतो.