माहिती फुटते, तिथे वास्तव ठरतं

टेबलावरचा कप एकाच जागी असतो आणि तो कुठे आहे याबद्दल खोलीतल्या चौघांचं एकमत असतं. पण हा कप ज्या अणूंचा बनलाय, त्यातला सुटा अणू एकाच वेळी दोन जागांच्या अध्यारोपणात, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र असलेल्या अवस्थेत, राहू शकतो. मग अणूपासून कपापर्यंत येताना ही दुविधा जाते कुठे?

याचं फार बोलकं उत्तर व्हिएन्नातल्या प्रयोगांनी दिलं. १९९९ साली भौतिकशास्त्रज्ञ अँटन झायलिंगर, मार्कुस आर्न्ट आणि सहकाऱ्यांनी कार्बनच्या ६० अणूंचे पोकळ रेणू अतिसूक्ष्म फटींच्या जाळीतून सोडले. पलीकडे व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटतात तसे, पट्टे मिळाले. रेणू एका वेळी एकाच फटीतून जात असता, तर ते उमटलेच नसते. पुढे २००४ मध्ये त्यांनी ७० कार्बन अणूंचे रेणू जाळ्यांत शिरण्याआधी लेसरने तापवले. रेणू गार होते तोवर पट्टे ठळक होते. तापमान १००० केल्विनच्या वर चढत गेलं तसे ते पुसट झाले आणि ३००० केल्विनच्या आसपास जवळजवळ दिसेनासे झाले. रेणूकडे कुणी पाहत नव्हतं! तापलेला रेणू स्वतःच प्रकाश सोडतो आणि आपण कुठल्या वाटेने चाललो याची खूण त्या प्रकाशकणांसोबत, म्हणजे फोटॉनांसोबत, बाहेर धाडतो. ते फोटॉन कुणी टिपले नाहीत तरी चालतं, माहिती बाहेर पडली एवढं पुरे. माणसाने पाहिलं म्हणून वास्तव ठरतं, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते सांगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

या गळतीला डिकोहिअरन्स म्हणतात. १९७० साली भौतिकशास्त्रज्ञ डीटर झे यांनी तिचं महत्त्व ओळखलं आणि पुढच्या दशकात वोइचेख झुरेक यांनी सिद्धांत पुढे नेला.

पण चौघांचं एकमत कसं होतं, हा प्रश्न उरतोच. झुरेक यांचं म्हणणं असं, की आपण वस्तूला थेट हात घालतच नाही. तिच्यावरून विखुरलेल्या प्रकाशाचा छोटासा वाटा आपल्या डोळ्यांत येतो. एकाच वर्तमानपत्राच्या प्रती घरोघरी जाव्यात तशी वस्तूच्या जागेची माहिती असंख्य फोटॉनांवर छापली जाते, म्हणून माझ्या वाचनाने तुमची प्रत बिघडत नाही. एक मायक्रॉनचा धूलिकण सूर्यप्रकाशात मायक्रोसेकंदभर राहिला, तरी त्याच्या जागेच्या सुमारे दहा कोटी प्रती तयार होतात, असं गणित सांगतं. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल मात्र निसर्गात होऊ शकत नाही. परिसराच्या माऱ्यात तग धरणाऱ्या मोजक्या अवस्थांचीच माहिती अशी पसरते. टिकाव आणि प्रसार या जोडीमुळे झुरेक यांनी या कल्पनेला क्वांटम डार्विनिझम हे नाव दिलं.

अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच आपल्या वाट्याला का येते, हे यातून सुटत नाही. त्यावरचा वाद चालूच आहे. प्रतींची कल्पना मात्र प्रयोगशाळेत पोचली आहे. २०१९ मध्ये जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या गटाने हिऱ्याच्या अणुरचनेतल्या एका दोषाजवळच्या इलेक्ट्रॉनची फिरत (स्पिन) आणि शेजारच्या मोजक्या कार्बन-१३ (कार्बनचा थोडा जड प्रकार) अणूंची केंद्रकं तपासली. इलेक्ट्रॉनच्या अवस्थेची बरीचशी माहिती एकेका केंद्रकातही सापडली.