चेतक, प्रिया, विजय सुपर : जुन्या स्कूटरला नवी क्रँक घालण्याआधी

वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडच्या तालुक्याच्या गावांत जुन्या स्कूटरी पुन्हा गोठ्यातून, पडवीतून बाहेर निघू लागल्या आहेत. कुणाच्या वडलांची चेतक, कुणाच्या मामाची प्रिया, क्वचित एखादी विजय सुपर. रंग, पत्रा, सीट इथवर गाडी सुरळीत चालते. इंजिन उघडलं की मिस्त्री सांगतो, "रॉड वाजून राह्यला," आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, आणि क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा भाग. जुन्याच क्रँकमध्ये रॉड-किट, म्हणजे नवा रॉड आणि पिन टाकायची, की इटलीची जास्त जोराची परफॉर्मन्स क्रँक मागवायची? आणि मागवलीच तर कोणती? या स्कूटरी दिसायला भावंडं वाटतात, पण त्यांच्या पोटातली क्रँक वेगवेगळी कामं करते. ती तशी का, हे त्यांच्या जन्मकथेत दडलेलं आहे.

चेतकची कथा एका अर्थी वर्ध्यातूनच सुरू होते. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. त्यांच्याच नावाने १९४५ मध्ये निघालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे बजाज ऑटो झाली. १९४८ पासून ती इटलीच्या पियाजिओ कंपनीची व्हेस्पा आयात करू लागली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला परवान्यावर इथेच बनवू लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, पण इंजिन व्हेस्पाच्याच घराण्यातलं : बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५७ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, तोही ५७, क्षमता साधारण १४५ सीसी. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली प्रिया याच कुळातली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचा तो काळ. गावात गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे, दूधवाल्याकडे हीच गाडी, त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिचे जाणकार मिस्त्री आजही आडगावी सापडतात.

या इंजिनाची खुबी त्याच्या श्वासात आहे. सुरुवातीच्या व्हेस्पात पिस्टनच हवा-पेट्रोलची वाट उघडायचा आणि मिटायचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओने हे काम क्रँककडे सोपवलं. कार्बोरेटर थेट क्रँककेसवर बसवला, आणि क्रँकची क्लचकडची चकती एका बाजूने कापून तिलाच झडप केलं. चकतीचा कापलेला भाग छिद्रासमोर आला की इंजिन आत ओढतं, भरीव भाग आला की वाट बंद. हाच रोटरी व्हॉल्व्ह. मिश्रण थेट क्रँकच्या बेअरिंगवर येत असल्याने वंगण चांगलं पोचू लागलं, आणि पेट्रोलमधल्या ऑइलचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत उतरलं. गरीब देशात ही बचत लहान नव्हती.

पण त्यामुळे चकती आणि क्रँककेसवरची तिची बैठक यांच्यात केसाएवढीच फट राहायला हवी, अशी अट आली. ती फट वाढली की क्रँककेसमधला दाब कार्बोरेटरकडे पळतो. मग गाडी सकाळी कितीही किका मारल्या तरी उठत नाही, मंद चालत नाही, चढावर दम टाकते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ इथेच घात करते. एअर फिल्टर फाटका असेल तर कण आत जातात, चकती आणि बैठक यांच्यामध्ये सापडतात आणि ॲल्युमिनियमवर चर पाडत जातात. तो चर नखाला लागतो. तपासणी सोपी आहे : कार्बोरेटर काढायचा, झडप मिटेल इतकी क्रँक फिरवायची आणि त्या छिद्रात थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल ओतायचं. ते तिथेच थांबलं तर बैठक शाबूत आहे. डोळ्यांदेखत खाली उतरलं तर कितीही महाग क्रँक आणा, पैसे मातीत जाणार. मागवण्याआधी ही एक परीक्षा प्रत्येकाने करावीच, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

परफॉर्मन्स क्रँकचा धंदा याच रचनेतून वाढला. इटलीतल्या पोरांना जास्त वेग हवा होता. चकती अजून थोडी कापली तर झडप लवकर उघडेल आणि उशिरा मिटेल, म्हणजे इंजिन जास्त ओढेल, हे तिथल्या मिस्त्रींनी ओळखलं. आधी हाताने घासून, पुढे पिनास्को, मात्सुकेल्ली यांसारख्या कारखान्यांत तयार क्रँक निघू लागल्या. याची किंमत खालच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन सावकाश फिरताना, मोजावी लागते. झडप उशिरा मिटते तेव्हा पिस्टन खाली निघालेला असतो, आणि कमी वेगात तो आत आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलतो. एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो, गाडी रखडते. शर्यतीच्या सडकेवर हे चालून जातं. दोन माणसं आणि सरकीचं पोतं घेऊन पांदीतून निघालेल्या गाडीला हे परवडत नाही.

दुसरी वाट स्ट्रोक वाढवण्याची. पियाजिओने १२५, १५० आणि २०० सीसीच्या अनेक इंजिनांना एकच ५७ मिलिमीटरचा स्ट्रोक ठेवला आणि बोअर बदलत राहिली. म्हणून ६० मिलिमीटरची क्रँक हा पुढे सर्वमान्य बदल झाला. ५७ च्या बोअरवर त्याने क्षमता १५३ सीसीपर्यंत जाते. आकडा छोटा दिसतो, पण ओढ खालूनच वाढलेली जाणवते, आणि आपल्या कामाला ओढच लागते. मात्र पिस्टन आता दीड मिलिमीटर जास्त वर आणि तितकाच जास्त खाली जातो, म्हणून दीड मिलिमीटरची पॅकिंग द्यावी लागते. ती सिलिंडरखाली दिली तर पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधली वायू जाण्या-येण्याची छिद्रं, वर सरकतात आणि इंजिनचा जोर वरच्या फेऱ्यांत जातो. हेडखाली दिली तर मूळ स्वभाव बराचसा टिकतो. आपल्याकडे मी हेडखालचीच बाजू घेईन.

विजय सुपरची गोष्ट निराळी. तिचं मूळ मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा. भारतात आधी मुंबईच्या एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीने लॅम्ब्रेटा बनवली. पुढे इटलीतलं उत्पादन थांबलं तेव्हा तिथली यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली. या इंजिनात स्ट्रोक ५८ मिलिमीटर आणि आत ओढण्याचं काम पिस्टनकडे. क्रँकची चकती झडप नाही, त्यामुळे टायमिंगसाठी, म्हणजे वाट उघडण्या-मिटण्याची वेळ बदलण्यासाठी, ती कापण्याचा प्रश्नच येत नाही. लॅम्ब्रेटासाठी क्रँक निवडायची ती मजबुती, रॉड आणि स्ट्रोक पाहून.

कानपूरची एलएमएलही व्हेस्पाचीच शाखा, पण तिच्या बऱ्याच इंजिनांत पुढे रीड व्हॉल्व्ह, म्हणजे ओढीने आपोआप उघडणारी पातळ पात्यांची वेगळी झडप, आला. रीडसाठी बारीक कापलेली क्रँक "बसते" म्हणून कुणी चेतकमध्ये घातली तर झडपच उरत नाही. बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून हे लक्षात ठेवावं. फ्लायव्हीलकडचा निमुळता भागही जुन्या-नव्या मॉडेलांत सारखा नसतो. जुनी क्रँक हातात घेऊन मापं जुळवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मग निवडायचं काय? मे महिन्यात पारा ४५ वर, रस्ता अर्धा मुरमाचा, सुटा भाग लागला तर नागपूर किंवा अकोला. अशा ठिकाणी चेतक-प्रियासाठी माझं मत स्पष्ट आहे : मूळ टायमिंगच्या जवळची, चांगल्या रॉडची, ५७ ची क्रँक. ओझं नेहमीचं असेल आणि मिस्त्री जाणता असेल, तर ६० ची. जास्त कापलेली क्रँक नको.

जुनी क्रँक चांगली असेल तर रॉड-किटचा मार्गही कमी दर्जाचा नाही, फक्त काम नेमकं हवं. ही क्रँक जोडून केलेली असते. दोन चकत्यांमध्ये पिन दाबून बसवतात, म्हणून पिन बदलली की दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणावे लागतात. लेथवाला क्रँक दोन सेंटरांमध्ये धरतो, दोन्ही बाजूंना डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) लावतो आणि सावकाश फिरवतो. काटा जिथे सरकतो तिथे खडू मारतो, तांब्याच्या हातोड्याने एक ठोका देतो, पुन्हा फिरवतो. काट्याची हालचाल मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांवर येईपर्यंत हे चालतं. नुसत्या नजरेने आणि पट्टीने सरळ केलेली क्रँक बेअरिंग आणि ऑइल सील लवकर खाते. डायल नसलेल्या दुकानात क्रँक टाकू नये, मग ते घरासमोर का असेना. नवी परदेशी क्रँकसुद्धा बसवण्याआधी याच डायलखाली एकदा फिरवून घ्यावी, कारण पार्सलमध्ये आपटलेली क्रँक बाहेरून ओळखू येत नाही.