सिकलसेलचं दुखणं (सिकलसेल क्रायसिस)

सिकलसेल क्रायसिस म्हणजे सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या पेशंटला अचानक उठणारं, हाडांच्या आतून येणारं जीवघेणं दुखणं. हे कधी मांडीत उठतं, कधी पाठीत, छातीत, पोटात, आणि काही तासांपासून आठवडाभरही टिकतं. विदर्भात याला कोणी क्रायसिस म्हणत नाही. "हाडं फुटून राहिली", "आंग ठणकून राहिलं" असं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते जास्त नेमकं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, तिकडे खानदेशात नंदुरबार, या सगळ्या पट्ट्यात हा आजार आहे. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा समाजात तो आहेच, पण आदिवासी नसलेल्या बऱ्याच समाजांतही आहे, त्यामुळे "हा फक्त आदिवासींचा आजार" हा समज डोक्यातून काढून टाकायला हवा. या समजापायी कितीतरी मुलांची टेस्टच होत नाही.

अमेरिका-युरोपात हा दुर्मिळ आजारात मोडतो. आपल्याकडे मात्र काही तालुक्यांत घरटी कोणी ना कोणी एएस किंवा एसएस निघतं. एएस म्हणजे वाहक, एका पालकाकडून दोषी जीन आलेला, त्याला सहसा काही त्रास होत नाही. एसएस म्हणजे दोन्हीकडून आलेला, तो पेशंट. गावात लोक सरळ "त्याचा एसएस पॅटर्न आहे" असंच बोलतात. पहिली चाचणी असते ती सोल्युबिलिटी टेस्ट, तिच्यात नळीतलं रक्त गढूळ झालं तर सिकलिंग आहे एवढंच कळतं, एएस की एसएस हे कळायला पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. ही दुसरी टेस्ट राहून गेली की घरचे वर्षानुवर्षं घोळात राहतात.

दुखतं का?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन बसतं, फक्त एवढीच चूक. पण या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि गोल, मऊ लाल पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. शिवाय ती रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटते, पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, बारीक वाहिनी तुंबते, पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही आणि हाडाचा तो तुकडा अक्षरशः गुदमरतो. दुखणं ते हेच. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला, उन्हात राबणं झालं की क्रायसिस उठू शकतो, आणि कित्येकदा काहीही कारण नसताना उठतो.

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींवर पहिल्यांदा लिहिलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचाच आजार आहे हे दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. म्हणजे विदर्भाला हे माहीत होऊन साठ वर्षांच्या वर झाली.

लहान बाळात याची पहिली खूण बरेचदा हातापायांत दिसते. सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते बाळाला सांभाळतं. ते उतरलं की एक दिवस बाळाचे दोन्ही पंजे किंवा पावलं टम्म फुगतात, बोटं वांग्यासारखी जाड आणि चकचकीत दिसतात, कपडा लागला तरी बाळ किंचाळतं, आईला वाटतं काहीतरी चावलं. याला डॅक्टिलायटिस म्हणतात. एवढं बाळ कुठे दुखतं ते सांगू शकत नाही, म्हणून हे फुगलेले हात ओळखता येणं आशाताईंपासून सगळ्यांना महत्त्वाचं आहे.

फोटोत न दिसणारं दुखणं

क्रायसिसमधल्या माणसाचा एक्सरे काढला तर तो बहुतेक वेळा नॉर्मल येतो. रक्ताच्या रिपोर्टमध्येही अशी कुठलीच संख्या नसते जिच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल की बघा, हे दुखणं एवढं आहे. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच, म्हणजे ८-९ च्या आसपास असू शकतं. मग होतं काय, तर रात्री दोन वाजता बापाने गाडीवर बसवून आणलेल्या पोराला ड्युटीवरचं कोणीतरी विचारतं, "एवढं काय दुखते? आत्ता तर बसला होता नीट." मी स्वतः एका वॉर्डात बघितलंय, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, आवाज न करता पडलेला, आणि त्याची आई हळूच सांगत होती, "तो रडून नाही राहिला म्हणून त्यांना वाटते दुखत नाही. ताई, तो लहानपणापासून दुखणं सहन करते, आता रडणंच सोडलं त्याने." मला त्या माउलीचं म्हणणं अजून विसरता येत नाही, कारण तिने जे सांगितलं ते रिसर्चमध्येही आलंय.

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २३२ पेशंटना रोजची दुखण्याची डायरी लिहायला लावली होती, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. निम्म्याहून जास्त दिवशी दुखणं होतं, म्हणजे ५४.५ टक्के दिवशी, पण दवाखान्यात धाव घ्यावी लागली ती फक्त ३.५ टक्के दिवशी. बाकी सगळं घरच्या घरी, गोळी घेऊन, पांघरूण ओढून. दवाखान्यातल्या रजिस्टरवरून या आजाराचं माप काढायला गेलं तर ते किती चुकतं हे यावरून कळतं.

इमेजिंग मात्र दोन-तीन ठिकाणी फार कामाचं आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा रक्ताअभावी मरायला लागतो, त्याला एव्हीएन म्हणतात, आणि तो सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून एखादा तरुण पेशंट महिनोन्‌महिने एकाच खुब्याच्या दुखण्याबद्दल बोलत असेल, लंगडत असेल, तर नुसत्या एक्सरेवर "काही नाही" म्हणून परत पाठवू नये. हाडातला इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला तुकडा, आणि हाडातलं इन्फेक्शन यांच्यात मात्र एमआरआयसुद्धा दर वेळी नीट फरक करू शकत नाही, तिथे ताप, कल्चर आणि डॉक्टरचा अनुभव हेच लागतं.

सगळ्यात मोठं काम केलंय ते ट्रान्सक्रेनियल डॉपलरने, म्हणजे टीसीडीने. सिकलसेलच्या मुलांना लकव्याचा, स्ट्रोकचा धोका असतो, आणि तो येण्याआधी मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या अरुंद होऊन त्यांतून रक्त जोरात वाहायला लागतं, जसं पाण्याच्या पाइपवर अंगठा दाबला की धार जोरात उडते तसं. टीसीडीमध्ये कानाच्या पुढे, कानशिलावर जेल लावून एक छोटा प्रोब धरतात, सुई नाही, रेडिएशन नाही, आणि मशीनमधून हुश्श हुश्श असा आवाज येतो तो रक्ताचा. मूल जागं आणि शांत हवं, कारण झोपेत किंवा रडताना वेग बदलतो, म्हणून चांगला टेक्निशियन आधी मुलाला तो आवाज ऐकवतो, "हे बघ, तुझ्या डोक्यातली नदी." वेग सेकंदाला १७० सेंटीमीटरच्या खाली असेल तर ठीक, २०० किंवा त्यावर गेला तर धोका. १९९८ मध्ये आलेल्या स्टॉप नावाच्या ट्रायलमध्ये अशा १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त चढवलं तर पहिल्या स्ट्रोकचा धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला, इतका की ट्रायल मुदतीआधीच थांबवली. पुढे २०१६ च्या ट्विच ट्रायलने दाखवलं की किमान वर्षभर रक्त चढवून झाल्यावर, वाहिन्या फार खराब नसतील तर, मुलाला हायड्रॉक्सीयुरिया या गोळीवर आणता येतं. आपल्याकडच्या पेशंटमध्ये स्ट्रोकची नोंद आफ्रिकन वंशाच्या पेशंटपेक्षा कमी आहे, तरी एसएस मुलाची दोन ते सोळा वयात टीसीडी व्हावी असं मला ठाम वाटतं, कारण लकवा मारल्यावर करायचं ते काही फारसं उरत नाही.

औषधं

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये मांडलं होतं की बाळांना सुरुवातीला त्रास होत नाही तो गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे. पुढचा बराचसा उपचार याच एका निरीक्षणातून आलाय, ते हिमोग्लोबिन मोठेपणी परत वाढवायचं. आपल्याकडे जो अरब-भारतीय हॅप्लोटाइप, म्हणजे या जीनचा आपल्याकडचा प्रकार, सापडतो त्याच्यात हे मुळातच जास्त असतं, म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य असं बरीच वर्षं मानलं गेलं. विदर्भातल्या वॉर्डांनी ते खोटं पाडलं, इथली मुलं वारंवार ॲडमिट होतात.

हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं, कॅन्सरसाठी वापरलं जाणारं, स्वस्त औषध. ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, पांढऱ्या पेशी कमी करतं, चिकटणं कमी होतं. १९९५ मध्ये २९९ मोठ्या पेशंटवरच्या ट्रायलमध्ये हे औषध न मिळालेल्यांना वर्षाला ४.५ क्रायसिस आले, मिळालेल्यांना २.५. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ६० मुलांवर कमी डोस देऊन, किलोमागे १० मिलिग्रॅम, ट्रायल झाली, ती २०१२ मध्ये छापून आली, आणि त्या कमी डोसलाही क्रायसिस खूप घटले. आपल्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कमी डोस म्हणजे कमी खर्च आणि दर महिन्याला रक्त तपासायला तालुक्याला जाणं ज्यांना जमत नाही त्यांना कमी धोका. गोळी रोज घ्यावी लागते, परिणाम दिसायला महिने लागतात, मधेमधे सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करावी लागते, आणि गरोदरपणात सहसा थांबवतात. "कॅन्सरची गोळी आहे" हे कुणीतरी सांगितलं की घरचे घाबरून बंद करतात, तेव्हा पहिल्याच भेटीत ते नीट समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग समजावा.

नव्या औषधांची कहाणी चढउताराची आहे. क्रिझानलिझुमॅब २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण पुढच्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही आणि २०२३ मध्ये युरोपने मंजुरी काढून घेतली. वॉक्सेलोटरही २०१९ चंच, फायझरने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतलं, कारण क्रायसिस आणि मृत्यूंचे आकडे काळजीचे निघाले. दोन्ही वेळा पेशंटनी फार आशा लावली होती.

जीन एडिटिंगचं कॅसजेव्ही डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ब्रिटनमध्ये त्याच्या महिनाभर आधी. यात बीसीएल११ए या जीनचं बटण रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये बंद करतात आणि गर्भातलं हिमोग्लोबिन परत सुरू होतं, वॉटसनबाईंचंच निरीक्षण क्रिस्परने, म्हणजे जीन कापायच्या तंत्राने, पूर्ण केलं म्हणा. मंजुरीच्या वेळी ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर मोठा क्रायसिस आला नव्हता. पण त्याआधी बुसल्फानची जड केमो घ्यावी लागते, आठवडेच्या आठवडे दवाखान्यात, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि किंमत २२ लाख डॉलर. भारतात आयजीआयबी या जीनवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने स्वतःची क्रिस्पर थेरपी तयार केलीय, नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा १०१ नावाने ती जाहीर झाली, बिरसा मुंडांच्या नावाने, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे दिलंय.

दुखणं उठल्यावर

अमेरिकन हेमॅटॉलॉजी सोसायटीच्या २०२० च्या सूचनांमध्ये सांगितलंय की पेशंट इमर्जन्सीत आल्यापासून एका तासाच्या आत दुखण्याचं औषध सुरू करा आणि दर ३० ते ६० मिनिटांनी परत विचारा. माझ्या मते या पूर्ण विषयात ही एक तासाची ओळ सगळ्यात जास्त माणसांच्या कामाची आहे. हलक्या दुखण्याला पॅरासिटामॉल, किडनी बरी असेल तर आयबुप्रोफेनसारखी गोळी, भरपूर पाणी. जोराच्या दुखण्याला मॉर्फिनच लागतं. आणि ते मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन ठेवणं एवढं किचकट झालं की बहुतेक छोट्या दवाखान्यांनी नादच सोडला, २०१४ च्या दुरुस्तीने परवाने सोपे झाले तरी सवय मोडलेली नाही, "लत लागेल" ही भीतीही तशीच आहे. ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं औषध, चालत नसेल किंवा पुरत नसेल तर कमी डोसमध्ये केटामाइन या भुलीच्या औषधाचा पर्यायही त्याच सूचनांमध्ये आहे, पण तो देखरेखीखालीच.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चं लक्ष्य. चंद्रपूरला आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीच केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही सिकलसेल आलाय, म्हणजे सर्टिफिकेट मागता येतं, ते जरूर मागावं.

घरी दुखायला लागलं तर शेकायचं ते गरम पाण्याच्या पिशवीने. बर्फ कधीच लावू नये, थंडीने वाहिन्या आकसतात आणि पेशी अजून अडकतात. पाणी घोट घोट देत राहायचं. ताप ३८.५ डिग्री सेल्सियसच्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, लहान मुलाचं पोट डावीकडे अचानक फुगून ते पांढरंफटक पडलं, किंवा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं, आणि निघताना जुने रिपोर्ट, गोळ्यांची पट्टी आणि सिकलसेलचं कार्ड सोबत घ्यायचं, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.