राघू म्हणावं की मैना?

घरात पोपट आला की त्याला राघू किंवा मिठू म्हणून आपण मोकळे होतो. मग काही वर्षांनी एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पांढरंशुभ्र अंडं दिसतं आणि सगळे चक्रावतात. जोडीला नर नसला तरी मादी अंडं घालते. ते फळत नाही, एवढंच.

पोपटाच्या नराची वृषणं पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यात मकाव, आफ्रिकन ग्रे अशा कितीतरी जातींत नर-मादीचा पिसाराही सारखाच.

काही जाती मात्र खुणा दाखवतात. हिरव्या कंठवाल्या पोपटात गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ नराला असतो, पण तो पुरता उमटायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून कंठ नसलेलं पिल्लू मादीच, असं धरून चालू नये. बजरीगरची (ज्याला बरेच जण लव्हबर्ड म्हणतात) चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी नीट बघा: वयात आलेल्या नराची गडद निळी, मादीची तपकिरी आणि विणीच्या काळात खरखरीत. पण पांढऱ्या किंवा पिवळ्याधमक नराची पट्टी मोठेपणीही गुलाबी-जांभळीच राहते आणि तिथे भलेभले फसतात. इक्लेक्टस पोपटाने तर शास्त्रज्ञांनाच फसवलं होतं. हिरवा नर आणि लाल-निळी मादी या दोन वेगळ्या जाती आहेत, असं एकोणिसाव्या शतकात बराच काळ मानलं जात होतं.

ओटीपोटाखालची हाडं चाचपून किंवा डोक्याच्या ठेवणीवरून सांगणारे भेटतात. माझा त्यावर भरवसा नाही.

खात्री हवी तर डीएनए चाचणी. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. नरात दोन झेड गुणसूत्रं, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. सीएचडी नावाचं जनुक दोन्हींवर असतं, पण त्यातल्या एका तुकड्याची लांबी झेडवर वेगळी आणि डब्ल्यूवर वेगळी. प्रयोगशाळेत या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून त्या लांबीनुसार वेगळ्या करतात; एका लांबीच्या प्रतींची एक पट्टी दिसते. एकच पट्टी उमटली तर नर, दोन उमटल्या तर मादी. नमुना म्हणून रक्ताचा थेंब किंवा छातीवरची ताजी उपटलेली काही पिसं पुरतात. पेशी असतात त्या पिसाच्या मुळाशी, त्यामुळे जमिनीवर गळून सुकलेलं पीस सहसा कामाचं नसतं.

एवढा खटाटोप का, तर मादीच्या जिवासाठी. अंड्याच्या कवचाला भरपूर कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं तर अंडं आत अडकू शकतं. मादी आहे हे कळलं की आहाराबद्दल पशुवैद्याशी आधीच बोलून ठेवा. आणि ती पिसं फुगवून तळाशी बसून कुंथताना दिसली, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका, लगेच न्या.